क्रिस्टीन सिंक्लेअर: मुलींना कोणते सामने दाखवावेत, १९० गोलांचा हिशोब कसा लावावा?

गोलपोस्ट_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात १५ वर्षांखालच्या मुलींच्या संघासाठी व्हिडिओ सत्रं आखतेय. आठवड्यातून एकदा ४० मिनिटं मिळतात. आघाडीला खेळणाऱ्या मुलींसाठी कॅनडाची क्रिस्टीन सिंक्लेअर निवडली आहे. पुरुषांचे सामने त्या रोज बघतात, पण मुलींच्या खेळातली इतकी लांब कारकीर्द एकीनेही पाहिलेली नाही. २००० ते २०२३ म्हणजे जवळजवळ २४ वर्षं, ३३१ आंतरराष्ट्रीय सामने. सगळं दाखवणं शक्यच नाही.

जाणकारांना विचारायचंय ते असं. कोणते सामने दाखवावेत आणि त्यात नेमकं काय बघायला सांगावं? १९० गोल हा स्त्री-पुरुष दोन्हींत धरून आंतरराष्ट्रीय विक्रम आहे, पण "त्यातले निम्मे दुबळ्या संघांविरुद्धचे" असं नेहमी ऐकू येतं, त्यात कितपत तथ्य आहे? आणि २०१२ च्या ऑलिंपिक उपांत्य सामन्यात गोलकीपरने चेंडू जास्त वेळ धरला म्हणून दिलेला तो 'सहा सेकंदांचा' निर्णय मुलींना कसा समजावून सांगायचा? यूट्यूबच्या तुकड्यांवरून तो काही कळत नाही.

फातोर्डेकर

एकच सामना दाखवायचा असेल तर हाच दाखवा: ६ ऑगस्ट २०१२, ओल्ड ट्रॅफर्ड, ऑलिंपिक उपांत्य फेरी, कॅनडा विरुद्ध अमेरिका. सिंक्लेअरने २२, ६७ आणि ७३ व्या मिनिटाला गोल केले. कॅनडा तीनदा पुढे गेला, अमेरिकेने तीनदा बरोबरी साधली आणि जादा वेळेच्या अगदी शेवटी, १२३ व्या मिनिटाला, अ‍ॅलेक्स मॉर्गनच्या हेडरने ४-३ असा निकाल लागला. हरलेल्या बाजूची खेळाडू सामन्यावर अशी छाप सोडून जाते असे सामने फार थोडे.

मुलींना फक्त तीन गोल दाखवू नका. प्रत्येक गोलाच्या आधीची १५ सेकंदं दाखवा, तीसुद्धा आवाज बंद करून. पहिल्या गोलात आघाडीतली जोडीदार मेलिसा टँक्रेडीकडून चेंडू मिळतो, सिंक्लेअर बॉक्समध्ये बचावपटूला चुकवते आणि उजव्या पायाने जमिनीलगत मारते. जोर किती कमी आहे ते बघायला सांगा. १५ वर्षांखालच्या मुली अशा वेळी हमखास ताकद लावतात आणि चेंडू बारवरून जातो. दुसरा गोल टँक्रेडीच्याच क्रॉसवर, तिसरा कॉर्नरवर, आणि दोन्ही हेडर. दोन्हींत विचारायचा प्रश्न एकच: चेंडू हवेत जाण्याआधी ती कुठे होती? गोल झाल्यावर उत्तर सगळ्यांनाच येतं. व्हिडिओ क्रॉसच्या आधी थांबवा आणि बोट ठेवायला लावा.

टँक्रेडीकडे वेगळं लक्ष द्या. एक आघाडीपटू बचावपटूंना अंगावर घेते, दुसरीला त्यातून जागा मिळते. जोडीने खेळायचं म्हणजे काय हे या सामन्याइतकं स्वच्छ क्वचित दिसतं.

दुसरा तुकडा २०११ च्या विश्वचषकातल्या सलामीच्या सामन्याचा, बर्लिनमध्ये जर्मनीविरुद्ध. बचावपटूचं कोपर लागून सिंक्लेअरचं नाक मोडलं, तरी ती मैदानात परतली आणि ८२ व्या मिनिटाला थेट फ्री किकवर गोल केला. २००३ च्या अंतिम सामन्यानंतर जर्मनीने विश्वचषकात खाल्लेला तो पहिला गोल. कॅनडा २-१ ने हरला आणि नंतरचे दोन्ही सामनेही हरून साखळीतच बाहेर पडला. नाक मोडूनही खेळली हे मुलींसमोर आदर्श म्हणून मात्र मांडू नका. डोक्याला किंवा चेहऱ्याला मार लागला की बाहेर यायचं, हाच नियम त्यांना सांगायचा. बघायची ती फ्री किक.

तिसरा, २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकचा अंतिम सामना. त्याबद्दल दुसरं कोणी लिहील, कारण तिथली सिंक्लेअर म्हणजे वेगळीच खेळाडू आहे.

आकडेमोड

दुबळ्या संघांच्या आक्षेपावर बोलतो. आक्षेप अर्धा खरा आहे, पण तो ज्या तुलनेसाठी वापरला जातो तिथेच तो लागू पडत नाही.

खरा भाग आधी. अमेरिकेच्या अ‍ॅबी वॉमबॅकचा १८४ गोलांचा विक्रम मोडला गेला तो २९ जानेवारी २०२० रोजी, टेक्सासमधल्या एडिनबर्गला, सेंट किट्स आणि नेव्हिसविरुद्ध. कॅनडा ११-० ने जिंकला. सिंक्लेअरचे त्यात दोन गोल, बरोबरीचा पेनल्टीवर आणि विक्रमी गोल पहिल्याच अर्ध्या तासात. शेवटचा, १९० वा गोलही जुलै २०२२ मध्ये पात्रता स्पर्धेत त्रिनिदाद आणि टोबॅगोविरुद्धचा. उत्तर-मध्य अमेरिका आणि कॅरिबियन गटात विश्वचषक आणि ऑलिंपिक, दोन्हींच्या पात्रतेसाठी असे एकतर्फी सामने होतात. तेव्हा आकडा फुगतो, यात वाद नाही.

पण तुलना कोणाशी? वॉमबॅक (२५५ सामने, १८४ गोल) आणि मिया हॅम (१५८ गोल) याच गटातून, याच छोट्या संघांविरुद्ध खेळल्या. त्या तिघींमध्ये हा आक्षेप आपोआप रद्द होतो. तो लावायचाच तर युरोपात खेळलेल्या जर्मनीच्या बिर्गिट प्रिन्झशी तुलना करताना लावा. तिचे २१४ सामन्यांत १२८ गोल आहेत.

सरासरी काढली तर सिंक्लेअर प्रति सामना ०.५७, वॉमबॅक ०.७२, प्रिन्झ ०.६०. म्हणजे सरासरीत ती तिघींत खाली. याची दोन कारणं. वॉमबॅकच्या बाजूंनी आणि मागे कायम जगातला सर्वांत खोल संघ होता. सिंक्लेअरला २०१२ पर्यंत तरी चेंडू पुरवणाऱ्या खेळाडू मोजक्याच होत्या. दुसरं, कारकिर्दीच्या शेवटच्या टप्प्यात ती मुख्य आघाडीपटू म्हणून खेळतच नव्हती. त्या सामन्यांनी भागाकारातला खालचा आकडा वाढवला.

दुबळे संघ वगळून बघायचं असेल तर फक्त विश्वचषक आणि ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धा घ्या. विश्वचषकात १० गोल: २००३ मध्ये ३, २००७ मध्ये ३, २०११ मध्ये १, २०१५ मध्ये २, २०१९ मध्ये १. ऑलिंपिकमध्ये १२: बीजिंगला २, लंडनला ६, रिओला ३, टोकियोला १. लंडनचे ६ गोल त्या स्पर्धेतले सर्वाधिक. एकूण २२, आणि पाच वेगवेगळ्या विश्वचषकांत गोल. हा पाच विश्वचषकांचा टप्पा तिच्या आधी फक्त ब्राझीलच्या मार्ताने गाठला होता, तोही त्याच २०१९ च्या स्पर्धेत आठवडाभर आधी.

मुलींना एकच आकडा सांगायचा असेल तर १९० ऐवजी २३ सांगा. २०१२ या एका वर्षात तिने देशासाठी २३ गोल केले. वयाच्या २९ व्या वर्षी, पदार्पणानंतर १२ वर्षांनी. १६ व्या वर्षी संघात आलेली मुलगी शिखरावर पोचायला किती वेळ घेते, हे त्यांच्या पालकांनाही कळलं पाहिजे. १५ व्या वर्षी निवड झाली नाही म्हणून खेळ सोडणाऱ्या मुली सगळीकडे आहेत.

शिट्टी_आणि_कार्ड

सहा सेकंदांबद्दल. नियम साधा आहे, गोंधळ होतो तो त्यानंतर काय घडलं त्यात. म्हणून पायरीपायरीने सांगते.

तेव्हाचा नियम असा: गोलकीपरने चेंडू हातात ताब्यात घेतल्यावर सहा सेकंदांच्या आत सोडला पाहिजे. नाही सोडला तर विरोधी संघाला अप्रत्यक्ष फ्री किक. प्रत्यक्षात रेफ्री आधी ताकीद देत आणि शिट्टी सहसा वाजतच नसे. त्या सामन्यात कॅनडा ३-२ ने पुढे होता, सव्वा तास उलटून गेला होता, गोलकीपर एरिन मॅक्लाउडने चेंडू धरला आणि वॉमबॅक रेफ्रीजवळ उभी राहून मोठ्याने सेकंद मोजत होती. नॉर्वेच्या क्रिस्टिना पेडरसन यांनी शिट्टी वाजवली. मध्यंतराला सहायक रेफ्रींनी वेळ न लावण्याबद्दल सांगितलं होतं, असं मॅक्लाउडनेच नंतर सांगितलं, पण तिने ती औपचारिक ताकीद मानली नव्हती.

आता महत्त्वाची गोष्ट. अप्रत्यक्ष फ्री किकवरून थेट गोल होत नाही, चेंडूला आणखी कोणाचा तरी स्पर्श व्हावा लागतो. अमेरिकेच्या मेगन रॅपिनोने बॉक्सच्या आतून सरळ भिंतीवर जोरात मारला. चेंडू कोणालाही न लागता जाळ्यात गेला असता तर गोल धरला गेला नसता, गोल किक मिळाली असती. पण तो भिंतीतल्या मारी-ईव्ह नॉच्या हाताला लागला, रेफ्रींनी हँडबॉल दिला आणि ८० व्या मिनिटाला वॉमबॅकने पेनल्टीवर बरोबरी केली.

म्हणून मुलींना शिकवायचं ते हे: बॉक्समधल्या अप्रत्यक्ष फ्री किकला भिंतीत उभं राहताना हात अंगाला घट्ट, शक्यतो पाठीमागे. अंग आक्रसून वळायचं नाही, कारण वळताना कोपर बाहेर येतं. रेफ्रीचा हात वर आहे का हे आधी बघायचं. हात वर म्हणजे अप्रत्यक्ष. भिंत ९.१५ मीटरवर हवी, पण गोल त्याहून जवळ असेल तर खांबांच्या मधल्या गोलरेषेवर उभं राहता येतं. तिथे सगळ्या संघाने रेषेवर यायचं आणि किक झाली की एकीने चेंडूवर धावायचं.

आजचा नियम मात्र वेगळा आहे, जुना सांगून सोडू नका. २०२५-२६ च्या हंगामापासून मुदत आठ सेकंदांची झाली आहे. शेवटची पाच सेकंदं रेफ्री हात वर करून बोटांनी मोजून दाखवतात आणि मुदत ओलांडली तर विरोधी संघाला कॉर्नर मिळतो. स्थानिक स्पर्धेत कोणता नियम लावणार हे सामन्याआधी आयोजकांना विचारून घ्या.

त्या सामन्यानंतर रेफ्रींबाबतच्या वागणुकीसाठी फिफाने सिंक्लेअरवर चार सामन्यांची बंदी घातली. ही बाजूही मुलींना सांगा. निर्णय कितीही झोंबला तरी त्याची किंमत संघ मोजतो.

मधली_फळी

फातोर्डेकरांनी सोडलेला धागा पुढे नेतो. सिंक्लेअर २४ वर्षं टिकली याचं मला पटणारं कारण म्हणजे तिने वेळेत आपली जागा बदलली.

सुरुवातीच्या काळात, इव्हन पेलेरुड प्रशिक्षक असताना, कॅनडा लांब पास आणि हवेतल्या चेंडूवर खेळायचा. तिथे ती नऊ नंबरची: पाठ गोलकडे, चेंडू अडवायचा, बॉक्समध्ये पोचायचं. २००३ मध्ये याच खेळावर कॅनडा विश्वचषकात चौथा आला. त्यानंतर कॅरोलिना मोराचे यांनी संघाला पासिंग शिकवायला घेतलं आणि जॉन हर्डमन यांच्या हाताखाली २०१२ आणि २०१६ अशी दोन ऑलिंपिक कांस्यपदकं आली. २०१६ पासून पुढे बघा, ती हळूहळू मागे सरकते. दोन आघाडीपटूंच्या मागे, विरोधी संघाच्या बचावफळी आणि मधल्या फळीच्या मधल्या पट्ट्यात.

६ ऑगस्ट २०२१ चा योकोहामाचा अंतिम सामना काढा. प्रशिक्षक बेव प्रीस्टमन. पुढे जानीन बेकी आणि निशेल प्रिन्स, त्यांच्या मागे ३८ वर्षांची सिंक्लेअर. ती धावण्याच्या शर्यतीत पडतच नाही. चेंडू यायच्या आधी खांद्यावरून मागे बघते, अंग अर्धं वळवून घेते, एक-दोन स्पर्शांत देऊन मोकळी होते. स्वीडन १-० ने पुढे असताना तिच्यावर बॉक्समध्ये फाउल झाला, व्हिडिओ पाहून पेनल्टी दिली गेली, जेसी फ्लेमिंगने ६७ व्या मिनिटाला ती मारली. शेवटी शूटआउटमध्ये ३-२ ने सुवर्णपदक. शूटआउटच्या वेळी सिंक्लेअर मैदानाबाहेर होती, ८६ व्या मिनिटाला तिला बदललं होतं. कर्णधाराला बदलायचा निर्णय घेता येतो आणि ती तो तोंड वाकडं न करता मानते, हेही दाखवण्यासारखं आहे.

क्लबच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. तिची सगळी व्यावसायिक कारकीर्द अमेरिकेत गेली, कारण कॅनडात महिलांची व्यावसायिक लीगच नव्हती. पोर्टलँड विद्यापीठातर्फे दोन राष्ट्रीय विजेतेपदं (२००२, २००५), मग एफसी गोल्ड प्राइड (२०१०) आणि वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅश (२०११) या दोन संघांसह लीग विजेतेपदं. ती लीग बंद पडली. २०१३ पासून २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत पोर्टलँड थॉर्न्स, तिथे आणखी तीन विजेतेपदं: २०१३, २०१७, २०२२. कॅनडाची स्वतःची नॉर्दर्न सुपर लीग सुरू झाली एप्रिल २०२५ मध्ये, २०१२ च्या कांस्यपदकाच्या सामन्यात विजयी गोल करणाऱ्या डायना मॅथेसनच्या पुढाकारातून. सिंक्लेअर त्यातल्या व्हँकुव्हर राइज संघाच्या मालकांपैकी एक आहे. ती खेळत होती तोवर लीग नव्हती, ही त्या देशाच्या फुटबॉलची मोठी कुचराई आहे.

डावा_पाय

पेनल्टीचा मुद्दा राहिला, आणि कर्णधार होणाऱ्या मुलींसाठी तो सर्वांत कामाचा आहे.

क्रम बघा. २०१५, एडमंटन, घरच्या विश्वचषकाचा सलामीचा सामना, चीनविरुद्ध ०-०, भरपाई वेळेत पेनल्टी: सिंक्लेअरने स्वतः मारली, गोल, १-०. २०१९, उपउपांत्यपूर्व फेरी, स्वीडन १-० ने पुढे: तिने बेकीला मारायला दिली, हेडविग लिंडालने अडवली, कॅनडा बाहेर. २०२१, उपांत्यपूर्व, ब्राझीलविरुद्ध शूटआउट: पहिली किक सिंक्लेअरची, अडवली गेली, पण गोलकीपर स्टेफनी लाबेच्या बचावांमुळे कॅनडा ४-३ ने जिंकला. त्यानंतरच्याच सामन्यात, अमेरिकेविरुद्ध, पेनल्टी मिळाल्यावर सिंक्लेअरने चेंडू उचलला आणि २३ वर्षांच्या फ्लेमिंगच्या हातात दिला. फ्लेमिंगने गोल केला, १-०. कॅनडाने अमेरिकेला हरवलं ते २००१ नंतर पहिल्यांदा. २०२३, मेलबर्न, नायजेरियाविरुद्ध: सिंक्लेअरने स्वतः मारली, चियामाका न्नाडोझीने अडवली, सामना ०-०. ती गेली असती तर सहा विश्वचषकांत गोल करणारी ती जगातली पहिली खेळाडू ठरली असती.

२०१९ ला दुसरीला दिली तेव्हा लोकांनी टीका केली, २०२१ ला दुसरीला दिली तेव्हा वाहवा केली. निर्णय दोन्ही वेळा सारख्याच जातीचा होता. मुलींना सांगा: कोण मारणार हे सामन्याआधी ठरवा, पहिली, दुसरी आणि तिसरी अशी नावं लावून. मैदानावर बदल करायचा तर कर्णधाराने चेंडू उचलून स्वतः तिच्या हातात द्यायचा, म्हणजे बाकीच्यांत चर्चा सुरू होत नाही. मारणारीने कोपरा आधी ठरवायचा आणि धावताना बदलायचा नाही. पेनल्टी फुकट जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे शेवटच्या दोन पावलांत बदललेलं मन. तिथे पाय आखडतो आणि चेंडू गोलकीपरच्या हाताच्या उंचीवर, अर्ध्या जोराने जातो.

गोलपोस्ट_कोल्हापूर

मनापासून आभार. पहिलं सत्र २०१२, दुसरं २०२१, तिसरं पेनल्ट्यांचे तुकडे, असं ठरवतेय. @फातोर्डेकर, क्रॉसवरची हालचाल मैदानात कशी उतरवायची? आमच्या मुली क्रॉस येण्याआधीच गोलसमोर जाऊन उभ्या राहतात.

फातोर्डेकर

लवकर पोचणं ही या वयातली सगळ्यांत मोठी चूक. एकदा थांबलं की उडीत जोर येत नाही आणि बचावपटूला तुम्ही सापडता.

चार जणी लागतात: क्रॉस देणारी, आघाडीची, बचावपटू, गोलकीपर. क्रॉस देणारीला बॉक्सच्या बाजूच्या रेषेबाहेर उभं करा. आघाडीची पेनल्टीच्या खुणेच्या दोन पावलं मागे, बचावपटूच्या मागच्या खांद्याबाहेर, म्हणजे बचावपटूला चेंडू आणि ती एकाच नजरेत दिसणार नाहीत अशी. आता ती जवळच्या खांबाकडे दोन-तीन पावलं खोटी धाव घेते, बचावपटू हलली की दूरच्या खांबाकडे वळते. खूण एकच: क्रॉस देणारीने मान खाली घालून चेंडूकडे बघितलं की निघायचं. त्याआधी नाही.

पहिली पाच मिनिटं बचावपटूशिवाय आणि क्रॉसऐवजी हाताने टाकलेल्या चेंडूवर. मग बचावपटू नुसती चालेल, मग खरी झुंज. हेडर एका सत्रात एका मुलीला सहापेक्षा जास्त देऊ नका. बाकीचे क्रॉस कमरेच्या खाली ठेवून पायाने मारायला लावा, हालचाल तीच राहते. चेंडूत हवा थोडी कमी ठेवा, पावसात भिजलेल्या जड चेंडूवर हेडरचा सराव नकोच.

काय बिघडतं ते सांगून ठेवतो. क्रॉस दरवेळी पहिल्या बचावपटूला लागत असेल तर चूक आघाडीच्या मुलीची नाही. क्रॉस देणारीचा टेकलेला पाय चेंडूच्या फार पुढे पडतोय, तो चेंडूच्या बाजूला आणा. हेडर वर जात असेल तर मुलगी चेंडूखाली गेलीये, तिला अर्धं पाऊल उशिरा निघायला सांगा. आणि डोळे मिटत असतील तर परत हाताने टाकलेल्या चेंडूवर या, बचावपटू आणायची घाई करू नका.

मधली_फळी

यात एक जोड. मागे सरकलेल्या सिंक्लेअरसाठी दुसरा सराव ठेवा: दोन शंकूंमध्ये आठ मीटरची फट, मुलगी मधोमध, पास देणारी दहा मीटरवर. मुलीच्या पाठीमागे तुम्ही उभ्या राहा आणि पास निघायच्या आत बोटं दाखवा. चेंडू घेताना तिने आकडा ओरडून सांगायचा. मागे बघितलं नसेल तर सांगता येणार नाही. आकडा बरोबर आला की वळून पुढे जायचं, चुकला की चेंडू परत. प्रत्येकीला दहा पास, दोन फेऱ्या. उजव्या खांद्यावरूनच बघायची सवय लागते, म्हणून दुसऱ्या फेरीत तुम्ही डाव्या बाजूला सरका.